मधल्या नावाच्या जागी

चूक माझी होती. यादीची नव्हती, कॉम्प्युटरची नव्हती, गर्दीचीही नव्हती. हे आधीच लिहून टाकतो, कारण आजवर मनातल्या मनात ही गोष्ट सांगताना मी दर वेळी 'त्या दिवसांत परिस्थितीच तशी होती' अशी सुरुवात केली. परिस्थिती तशी होतीच. पण खिडकीच्या आत मी बसलो होतो आणि बाहेर ती बाई उभी होती. तिनं मला तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं होतं, आणि मी ते ऐकलं होतं.

मी सांगलीत मार्केट यार्डामागच्या गल्लीत राहतो. उन्हाळा तोंडावर आला की इथली हवा पिवळी होते. शिजवून, वाळवून, घासून चकचकीत केलेल्या हळकुंडांची पोती गाड्यांतून उतरू लागतात. हमालांच्या मानेच्या घड्या पिवळ्या होतात. दाराशी लावलेल्या दुचाकीच्या सीटवर बोट फिरवलं तर बोट पिवळं येतं. पाहुणे ठसकतात, शिंकतात. आम्हाला तो वास कळतसुद्धा नाही, जसा आपल्या घराचा वास आपल्याला कळत नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र आम्ही तो वास मुद्दाम घ्यायला लागलो. सकाळी उठल्यावर तोंड धुण्याआधी मी स्वयंपाकघरात जायचो, हळदीचा डबा उघडायचो आणि त्यात नाक घालायचो. बायको दाराशी उभी राहून विचारायची, "येतोय का?" मी म्हणायचो, "येतोय." मग ती घ्यायची आणि मी विचारायचो, "येतोय का?" एवढं झालं की दिवस सुरू. रस्त्यावर ॲम्ब्युलन्स गेली की दोघंही बोलता बोलता थांबायचो आणि आवाज आपल्या गल्लीत वळत नाही ना, याचा अंदाज घ्यायचो. दुधाची पिशवी साबणानं धुवायची. दाराची कडी कोपरानं सरकवायची. आता यंदाच्या हंगामात पोती उतरायला लागली आणि पहिल्या दिवशी वाऱ्यावर तो वास आला, तेव्हा मी भर रस्त्यात दुचाकी थांबवून उभा राहिलो. वास येतोय म्हणून माणूस घाबरतो, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. दर वर्षी पोरांना फाइल शोधायला शिकवायची वेळ आली की मी खिशातून पत्त्यांचा जोड काढायचो. वर्गात हशा व्हायचा. मी जोकर वर धरायचो आणि विचारायचो, "हा कोण?" पोरं ओरडायची, "जोकर!" "हा कुणाच्या जागी चालतो?" "कुणाच्या पण!" मग मी फळ्यावर स्टारचं चिन्ह काढायचो. पूर्ण नाव आठवत नसेल तर आठवतं तेवढं लिहा आणि बाकीच्या जागी स्टार टाका. मशीन जे बसेल ते आणून देईल. प्रश्नचिन्हाचंही सांगायचो. ते फक्त एका अक्षराच्या जागी चालतं, स्टार मात्र कितीही गिळतो. मागच्या बाकावरचा एखादा म्हणायचा, "सर, मग स्टारच भारी की!" मी हसून म्हणायचो, "भारीच आहे."

पत्त्यांचा तो जोड आबांचा. आबा म्हणजे माझे वडील, सैन्यातून हवालदार होऊन परत आलेले. पाटणच्या बाजूला आमचं गाव. तिथं पावसाळ्यात घराबाहेर पडणं मुश्कील, म्हणून दिवसभर पडवीत रमीचा डाव चालायचा. आबा रमी पलटणीत शिकले, त्यामुळं त्यांच्या डावाला कवायतीची शिस्त. तेरा पानं वाटायची, एक पान उलटून जोकर ठरवायचा, आणि मग पहिला प्रश्न ठरलेला, "नॅचरल लागली का?" नॅचरल म्हणजे एकाच रंगाची ओळीनं लागलेली खरी पानं, मध्ये जोकर नाही. ती आधी लागली पाहिजे. ती नसेल तर हातात चार जोकर असले तरी डाव मोडतो. मी लहानपणी जोकर आला की नाचायचो. आबा म्हणायचे, "नाचू नगं. जोकर हातात आला की मानूस खरं पान हुडकायचं सोडतो."

त्या उन्हाळ्यात कॉलेज बंद होतं आणि आम्हा शिक्षकांना ड्यूट्या लागल्या. मला एका कोविड सेंटरच्या मदत-खिडकीवर बसवलं. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. ते बाहेर उन्हात रांग लावायचे, नाव सांगायचे, आणि मी यादीत बघून सांगायचो, कुठला मजला, कुठली खाट, कसं आहे. त्या सेंटरची यादी माझ्यासमोर उघडी असायची. रस्त्यापलीकडच्या वसतिगृहातही रुग्ण ठेवले होते, पण त्यांची यादी दुसऱ्या फाइलमध्ये होती. ती फाइल उघडायला त्या जुन्या कॉम्प्युटरला पाच-सात मिनिटं लागायची. तेवढा वेळ समोरचा माणूस खिडकीशीच उभा राहायचा.

त्या दिवशी सकाळी मी हळदीच्या डब्यात नाक घातलं आणि वास आला नाही. पुन्हा घेतला. काहीतरी आल्यासारखं वाटलं, पण नक्की काही नाही. बायकोनं विचारलं, "येतोय का?" मी म्हणालो, "येतोय." आणि ड्यूटीवर गेलो. नंतर तपासणी केली, काही निघालं नाही. साधं नाक चोंदलं होतं. पण त्या सकाळी मला ते माहीत नव्हतं. प्रत्येक माणूस मला मारायलाच खिडकीशी येतोय असं वाटत होतं.

ती अकराच्या सुमारास आली. पन्नाशीची असेल. डोक्यावरचा पदर तोंडावरून घेतलेला, हातात स्टीलचा डबा. रांगेत इतका वेळ उभी राहून ती दमली होती. खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून ती आत वाकली आणि तोंडावरचा पदर घसरला.

"आवं मास्तर, माज्या मालकास्नी काल हितं आणलंय. बिरदेव मायाप्पा कोळेकर. कवठे महांकाळचं आमी."

मी खुर्ची मागं सरकवली. पूर्ण नाव टाइप केलं. यादीत नव्हतं.

"नाही दिसत."

"आसं कसं? गाडीतनं हितंच उतरिवलं की! नीट बगा, लय बिरू हैत आमच्यात. घरटी एक बिरू. देवाचं नाव हाय. बाचं नाव मायाप्पा बगा, मायाप्पा."

ती बोलत होती आणि मला तिचे शब्द ऐकू येत होते. पण माझी नजर तिच्या उघड्या तोंडावर होती. तिचा श्वास टेबलावरच्या कागदांवर येतोय असं मला दिसत होतं. खरंच दिसत होतं. दुसरी फाइल उघडायची म्हणजे पाच-सात मिनिटं. तेवढा वेळ ती इथं, हातभर अंतरावर. मी 'बिर' लिहिलं, त्यापुढं स्टार मारला आणि 'कोळेकर' लिहिलं. एक ओळ आली. दुसरा मजला, खाट चौदा, प्रकृती स्थिर.

"आहेत," मी म्हणालो. "दुसरा मजला, चौदा नंबर. बरे आहेत. मागं व्हा आता, पुढच्याला येऊ द्या."

त्या ओळीत मधलं नाव लिहिलेलं होतं, धुळाप्पा. ते वाचायला मला एक क्षणसुद्धा लागला नसता. आमच्याकडं माणसाच्या नावाच्या आणि आडनावाच्या मध्ये बाप असतो. ज्या वस्तीवर घरटी एक बिरू आहे, तिथं तो बापच माणसाला माणसापासून वेगळा करतो. मी नेमका तोच स्टारला खाऊ घातला. आणि ज्या बाईला मी भीत होतो, तिला माझ्यापासून धोका असू शकतो, कारण सकाळी वास मलाच आला नव्हता, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

तिनं डोळे मिटून हात जोडले. देवाला की मला, कोण जाणे. मग डबा पुढं केला. "हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं हाय. आजारात त्येनला त्येच लागतंय. ऊन हाय तवर द्या."

नंतरचे तीन दिवसही ती त्याच वेळी येत राहिली. सांगलीतच बहिणीच्या खोलीवर उतरली होती. दोन डबे होते. आजचा आत जायचा आणि कालचा रिकामा परत यायचा. रिकामा डबा हातात आला की ती झाकण काढून बघायची आणि मागच्या बाईला सांगायची, "चाटून-पुसून खाल्लंय बया. खातंय म्हंजे मानूस उठतंय." डबा आत पाठवण्याआधी त्यावर सॅनिटायझर मारायचं काम माझं. मी हात लांब करून, तोंड फिरवून फवारा मारायचो. डब्यावर नाव कोरलेलं होतं, लग्नात मिळालेल्या भांड्यांवर कोरतात तसं. चार दिवस मी त्या अक्षरांवर फवारा मारला. वाचली नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी चौदा नंबरचा पेशंट बरा होऊन खाली आला. उंच, हाडकुळा, खांद्यावर घोंगडं, डोळ्यांत अजून ताप. खिडकीशी येऊन त्यानं घासून लख्ख केलेला डबा पुढं धरला.

"साहेब, ह्यो डबा कोण धाडत व्हतं? आमच्या घरचं तर कोण न्हाई आलं. समदी गावाकडंच आजारी पडल्यात. मला वाटलं, सरकार देतंय. पर सरकार माडगं कशाला दील?"

मी डबा हातात घेतला आणि पहिल्यांदा नाव वाचलं. बिरदेव मायाप्पा कोळेकर. खाली वस्तीचं नाव. माझ्या कानांत तिचा आवाज आला, मायाप्पा बगा, मायाप्पा. त्याला थांबवून मी दुसरी फाइल उघडायला घेतली. पडद्यावर ते गोल चक्र फिरत होतं आणि मी देवाचं नाव घेत होतो. या वेळी मी स्टार टाकला नाही. एकेक अक्षर टाइप केलं. नाव लगेच सापडलं. वसतिगृह, तळमजला. शेरा : मयत. आदल्या दिवशी पहाटे. संपर्कासाठी लिहिलेला नंबर त्याचा स्वतःचाच होता. म्हणजे घरच्यांना कळवायला इथून केलेला फोन त्याच्याच उशाशी वाजत राहिला असणार.

डबा पोचला असता तर तो जगला असता असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण मरण्याआधी तीन दिवस तो रस्त्यापलीकडं शुद्धीवर होता, हे मी नंतर विचारून घेतलं. तो दाराकडं बघत असेल. बायको आपल्याला टाकून गेली असं त्याला वाटलं असेल का? याच्या पुढं मला विचार करता येत नाही. आजही येत नाही.

आणि मी काय केलं? खिडकीबाहेर उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या बिरूला म्हणालो, "तुमच्याच भावकीतल्या कुणीतरी दिला असेल. डबा घेऊन जा तुम्ही." मला तो डबा नजरेसमोर नको होता. तो मान हलवून निघून गेला. सोबतच्या जाधव सरांना मी एवढंच सांगितलं, की ते नाव दुसऱ्या यादीत निघालंय, घरच्यांना कळवा. ती नेहमीच्या वेळी पाचवा डबा घेऊन आली तेव्हा मी मागच्या व्हरांड्यात पाण्याच्या टाकीमागं उभा होतो. तिचा हंबरडा मला तिथंही ऐकू आला.

थोड्या वेळानं जाधव सर आले. म्हणाले, "सांगितलं तिला. शेवटी प्रकृती बिघडली म्हणून तिकडं हलवलं, असं सांगितलं. उगाच कशाला आणखी दुःख? रडली, पण म्हणाली, तीन-चार दिवस तरी माझ्या हातचं खाऊन गेले." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ड्यूटी बदलून घेतली.

सर भला माणूस. पण त्यांच्या त्या खोट्यानं माझी कायमची सोय झाली. तिच्याकडं जाऊन खरं सांगायचं म्हणजे तिच्यापाशी उरलेला तो एवढासा आधारही काढून घ्यायचा. मग गप्प बसणंच दयाळूपणाचं, असं मी स्वतःला समजावलं. भित्र्या माणसाला गप्प बसायला असं एखादं चांगलं कारण मिळालं, की तो वर्षानुवर्षं त्यावर निभावतो. वर्गात स्टारचं पान आलं की मी सहकाऱ्याला तास द्यायचो. पत्त्यांचा जोड कपाटात टाकला. रस्त्यात डोक्यावर पदर घेतलेली, हातात डबा धरलेली कुणी बाई दिसली की मी दुचाकी वळवायचो. हळदीचा वास सुटला की जेवण जाईनासं व्हायचं. बायको म्हणायची, "अहो, संपला तो रोग." मी म्हणायचो, "हो."

यंदा एप्रिलच्या सुट्टीत गावी गेलो. आबा आता ऐंशीच्या पुढं गेलेत, हात कापतो, पण पानं लावताना अजून कुणाची मदत घेत नाहीत. पडवीत डाव मांडला. माझ्या हातात तीन जोकर आले. भराभर पानं जुळली आणि मी डाव खाली टाकला. आबांनी चष्मा वर करून एकेक पान बोटानं सरकवत बघितलं.

"नॅचरल कुठाय रं?"

मी बघितलं. नव्हती. प्रत्येक ओळीत जोकर.

"समदीकडं जोकर घुसडलास की लेका. एक बी खरी नाय." ते हसले. मग माझ्याकडं बघून हसायचे थांबले. "काय झालं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस बापासमोर पत्ते पसरून रडतोय, हे शेजारच्यांनी बघितलं असेल. आबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "आमच्या पलटणीत एखादा गेला की तार जायची. पर तारंच्या मागनं एक मानूस बी जायचा. मी दोनदा गेलोय. दारात हुबं ऱ्हाऊन त्या बाईच्या तोंडाकडं बघून बोलाय लागतंय. लय भ्या वाटतं. पाय मागं घेत्यात. पर जायाचं."

"पण तिच्याकडं तेवढाच एक दिलासा आहे, आबा. तो मी काढून घेऊ?"

"तू तिच्या दिलाशाला भितुयास, का तिला?" त्यांनी पानं गोळा केली. "पैलं खरं पान टाक. मग बाकीचं."

मी सांगलीहून एसटीनं कवठे महांकाळला गेलो, तिथून वडापच्या जीपनं फाट्यापर्यंत आणि पुढं चालत. वस्तीचं नाव डब्यावर वाचलं होतं, ते विसरणं शक्यच नव्हतं. दुपारचं ऊन होतं. दोन्ही बाजूंना मुरमाड माळ आणि बाभळी, लांब एका उतारावर द्राक्षाची हिरवी चौकट. दोनदा मी परत फिरलो. एकदा तर पार फाट्यापर्यंत आलो होतो. पाणी प्यायलो आणि पुन्हा निघालो.

घरासमोर जाळीच्या कुंपणात कोकरं होती. ती बाई उंबऱ्याशी बसून हुलगे निवडत होती. केस पांढरे झालेले. माझ्याकडं बघून म्हणाली, "कोण पावनं?" तेव्हा खिडकीत माझ्या तोंडावर मास्क होता. तिनं मला ओळखायचं कारणच नव्हतं.

"सांगलीहून आलोय, ताई. ते सेंटर होतं ना, तिथं कामाला होतो." तिनं उठून तांब्या भरून आणला. मी आत बघितलं आणि माझा हात थांबला. फळीवर दोन डबे शेजारी शेजारी उपडे घातले होते. दोन्ही. एक तर मी त्या माणसाबरोबर घालवून दिला होता.

तिनं माझी नजर बघितली. "त्यो व्हय? त्यो बिरू धुळाप्पानं आणून दिला. त्येला वाचाय येत न्हाई, लेकीनं वाचून दावलं. वरीस झाल्यावर हुडकत हुडकत आला. म्हनला, आक्का, तुजं चार डबं मीच खाल्लं, मला ठावं न्हवतं. म्या त्येला दारातनंच हाकलला. लय वंगाळ बोलले. दुसऱ्या दिशी बगती तर त्या बाभळीखाली बसलेला. म्हनलं, ये बाबा, तुजी तरी काय चूक? अन्न कुनाच्या तरी प्वाटात गेलं. आता दिवाळीला येतुया. भाऊ म्हनती मी त्येला."

म्हणजे तिला माहीत होतं. ज्या दिलाशासाठी मी गप्प बसलो होतो, तो तिच्याकडं कधीचाच नव्हता. मी पाण्याचा तांब्या तसाच धरून बसलो. ती पुन्हा हुलगे निवडायला लागली, आणि सुपातून नजर न काढता म्हणाली,

"एकच गोष्ट जीवाला खाती बगा. त्या खिडकीतल्या मास्तरला म्या मायाप्पा म्हनून सांगितलं व्हतं. दोनदा. पर तोंडावर पदर व्हता, उनात घसा सुकल्याला. माजाच आवाज त्येच्यापतूर गेला नसंल. जरा वरडून बोलले आसते तर मालक सापडलं आसतं. आमी मानसं मेंढरामागं दिवसभर वरडत असतो आन् नेमकं तितंच…" तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "माजंच चुकलं."

इतकी वर्षं. माझी चूक ती आपल्या गळ्यात अडकवून बसली होती, आणि मी तिकडं हळदीच्या वासाला भीत होतो.

मी तांब्या खाली ठेवला. उठून तिच्यासमोर जमिनीवर बसलो. मी तिच्या तोंडाकडं बघून बोललो.

"ताई, तुमचा आवाज गेला होता. तो मास्तर मी. तुमचा पदर घसरला होता आणि तुम्ही मायाप्पा म्हणालात. दोनदा म्हणालात. मला दोन्ही वेळा स्पष्ट ऐकू आलं. मी तुम्हाला भ्यायलो होतो, तुम्ही लवकर मागं व्हावं म्हणून मी ते नाव गाळून शोधलं आणि दुसराच बिरू तुमचा म्हणून सांगितला. आणि कळल्यावर टाकीमागं लपलो. तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."